वास्तुशांतीच्या कार्डापासून भाचीच्या पत्रिकेपर्यंत

आमच्या घराची वास्तुशांत झाली, त्या वर्षी मी आयुष्यातले पहिले निमंत्रण-कार्ड स्वतः संगणकावर तयार केले. त्याची शिल्लक राहिलेली एक प्रत टेबलाच्या खणात अजून आहे आणि नवे काम हाती घेतले की ती मी एकदा बाहेर काढून पाहतो. पाच इंच रुंद आणि सात इंच उंच अशा त्या कार्डावर सहा वेगवेगळे फाँट आहेत. प्रत्येक ओळीला सावली आहे, पार्श्वभूमीला केशरी रंगावरून पिवळ्याकडे सरकणारी छटा आहे आणि तिच्यावर गडद लाल अक्षरांत मजकूर आहे. वर मधोमध बसवलेला गणपती इंटरनेटवरून उतरवून घेतलेला होता. त्याची रुंदी जेमतेम २४० पिक्सेल होती आणि मी तो तीन इंच रुंदीवर ताणला होता. म्हणजे छपाईला जिथे इंचाला ३०० पिक्सेल हवेत, तिथे मी ८० देत होतो. बाप्पाची सोंड पायऱ्यापायऱ्यांची दिसते ती त्यामुळे. भोवतालची सोनेरी चौकट कागदाच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर काढल्यामुळे कटिंगमध्ये ती एका बाजूला जाड राहिली आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीशी झाली. पडद्यावर मात्र हेच कार्ड मला फार देखणे वाटले होते, आणि छापखान्यातल्या माणसाने "साहेब, हे असंच छापू?" असे दोनदा विचारले, त्याचा अर्थही मला तेव्हा लागला नव्हता.

मी बँकेत नोकरी करतो. कलाशिक्षण असे काही घेतलेले नाही. तरीही त्यानंतर नात्यागोत्यात बारसे, मुंज, साठी-शांत, डोहाळजेवण अशा निमित्तांनी माझ्याकडे कार्डांची कामे येत राहिली, मुख्यतः मी पैसे घेत नसल्यामुळे. या वर्षी ताईच्या मुलीची लग्नपत्रिका केली. या दोन कामांच्या मधल्या काळात माझ्या हाताला जे काही वळण लागले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिला मोठा फरक पडला तो मजकुराकडे पाहण्याच्या पद्धतीत. नवशिक्या माणूस आधी पार्श्वभूमी शोधतो, मग चौकट, मग गणपती, मग फुले, आणि उरलेल्या जागेत मजकूर कोंबतो. कॅनव्हासारख्या ठिकाणी मिळणारे तयार साचे घेतले तरी हीच अडचण येते, कारण त्यांतले बहुतेक साचे दोन नावे, एक तारीख आणि एक पत्ता एवढ्याच मजकुरासाठी आखलेले असतात. आपली लग्नपत्रिका तशी नसते. तिच्यात वर कुलदैवताचे 'प्रसन्न' असते, मग 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' अशी सुरुवात, चि. आणि चि. सौ. कां., दोन्हीकडचे आजोबा-आजी, आई-वडील, मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम, तिथी, वार, दिनांक, मुहूर्त, विवाहस्थळ, आपले नम्र, निमंत्रक, प्रेषक, आणि अगदी तळाशी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. हा मजकूर सहज दीडशे शब्दांच्या घरात जातो. तो निम्मा करावा असे मला पहिल्यांदा वाटले होते आणि तसे मी दाजींना सुचवूनही पाहिले. परंतु पत्रिकेत कुणाचे नाव राहिले तर त्याची आठवण पुढची वीस वर्षे काढली जाते, हे त्यांनी शांतपणे सांगितल्यावर तो विषय तिथेच संपला. मजकूर कमी होणार नाही हे एकदा गृहीत धरले, की त्याला पायऱ्या पाडणे एवढेच आपल्या हाती उरते.

म्हणून आता मी चित्राच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी संपूर्ण मजकूर साध्या कागदावर हाताने लिहून काढतो आणि प्रत्येक ओळीपुढे १, २ किंवा ३ असा आकडा घालतो. वर-वधूची नावे, दिनांक, वेळ आणि स्थळ यांना १. आई-वडील आणि निमंत्रक यांना २. बाकी सगळ्यांना ३. एका आकड्याच्या सर्व ओळी एकाच फाँटात, एकाच मापात आणि एकाच रंगात ठेवायच्या, एवढा एकच नियम मी पाळतो. पहिल्या कार्डावर सहा फाँट का झाले होते, याचे उत्तर मला या आकड्यांनी दिले: कोणती ओळ मोठी आणि कोणती लहान हे माझे ठरलेले नव्हते, म्हणून प्रत्येक ओळ आपापला आवाज चढवत होती.

यानंतरचा विषय अक्षरांचा, आणि माझ्या मते देवनागरी कार्डाचे बरेवाईट इथेच ठरते. ग्राफिक्स शिकवणारे बहुतेक धडे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेले आहेत, त्यामुळे त्यांतल्या काही सूचना आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. उदाहरणार्थ, शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवा, असे त्यांत हमखास सांगितलेले असते. रोमनमधली मोठी अक्षरे सुटी असल्याने तिथे ते शोभते. देवनागरीत तेच केले तर शिरोरेषा जागोजागी तुटते आणि 'शुभविवाह' हा शब्द दात पडल्यासारखा दिसू लागतो. तसेच, जागा भरण्यासाठी शब्द आडवा ताणला तर उभे दंड जाड होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच बारीक राहते आणि अक्षराचा तोल जातो. शब्द मोठा हवा असेल तर माप वाढवावे, ठळक हवा असेल तर त्याच फाँटाचे जाड वजन, म्हणजे जाड रेघांचे रूप, घ्यावे. 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट विनामूल्य मिळतो आणि त्यात अगदी बारीक ते अतिठळक अशी सात वजने आहेत. आमच्या पत्रिकेतल्या २ आणि ३ आकड्यांच्या सगळ्या ओळी मी त्यातल्या दोन वजनांवर निभावल्या.

ओळींमधल्या अंतराचेही तसेच आहे. सॉफ्टवेअर स्वतःहून जे अंतर ठेवते, ते साधारणपणे अक्षराच्या मापाच्या १२० टक्के असते. मात्र आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची गर्दी असते, तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरे लोंबत असतात. भाचीच्या पत्रिकेत 'वैशाख शुद्ध' या ओळीखाली 'शुभाशीर्वाद' हा शब्द आला होता, आणि वरच्या 'शु'चा उकार खालच्या रफाराला नेमका जाऊन टेकला होता. पडद्यावर ते लक्षात आले नाही. कागदावर तिथे शाईचा ठिपका पडल्यासारखे दिसले. अखेर ११ पॉइंटच्या मजकुराला मी १७ पॉइंटांचे अंतर दिले, तेव्हा पान मोकळे झाले. जागा कमी पडली, म्हणून खालची फुलांची वेल काढून टाकली.

ल आणि श या दोन अक्षरांकडे मात्र मी थोडा हट्टाने पाहतो. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श अशी रूपे रूढ आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या प्रमाणित वर्णमालेच्या निर्णयातही तीच स्वीकारलेली आहेत. असे असले तरी अनेक फाँट उघडल्याबरोबर हिंदीतली दंडाची रूपे दाखवतात. काही फाँटांमध्ये दोन्ही रूपे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवले की मराठी रूपे पुढे येतात. 'टिरो देवनागरी' या फाँटाची तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी स्वतंत्र रूपेच उपलब्ध आहेत, त्यामुळे तो शोध वाचतो. कार्ड पाहणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना हा फरक शब्दांत सांगता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु 'शालिनी' हे नाव मराठी वळणात छापलेले पाहिले की ते आपल्या घरातले वाटते, असा माझा अनुभव आहे.

याहून मोठी फजिती 'वऱ्हाड' या शब्दाने केली. पत्रिकेच्या मागच्या बाजूस 'वऱ्हाडी मंडळींसाठी बसची सोय' अशी ओळ होती. दाजींनी ती मोबाइलवर टंकून पाठवली, मी ती उचलून सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली आणि तिथे 'वर्हाडी' असा रफार उमटला. कारण शोधले तेव्हा कळले की अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह असते. मजकूर इकडून तिकडे नेताना ते न दिसणारे चिन्ह मध्येच कुठेतरी गळाले, की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तेव्हापासून 'वऱ्हाड', 'येणाऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द मी चिकटवत नाही. त्या त्या जागी पहिल्या प्रकाराने स्वतः टंकतो. याच जातीची आणखी एक अडचण म्हणजे पहिली वेलांटी सुटी पडून 'पत्रिका' शब्दाचे तुकडे होणे. फोटोशॉपमध्ये असे झाले तर दोष फाँटाचा नसतो. अक्षरजुळणीच्या पर्यायांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय निवडलेली नसते, एवढेच. मी वापरतो त्या इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही जुळणी मुळातच नीट होते आणि ते विनामूल्यही आहे.

अक्षरांची नजर तयार होण्यासाठी मी जो मार्ग धरला, तो संगणकाबाहेरचा होता. अक्षररचनाकार कमल शेडगे २०२० साली गेले, त्यांनी काढलेली नाटकांच्या शीर्षकांची अक्षरे आमच्या पिढीने वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत वर्षानुवर्षे पाहिली आहेत. एवढ्याशा काळ्या-पांढऱ्या चौकोनात, चित्राचा फारसा आधार न घेता, नाटक गंभीर आहे की फार्स आहे हे ती अक्षरेच सांगत असत. जुन्या अंकांतली अशी शीर्षके ट्रेसिंग पेपरवर गिरवण्याचा उद्योग मी एका पावसाळ्यात केला. एका शब्दातली सगळी काने-मात्रा एकाच तिरकसपणाने कशी झुकतात आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा किती मोजूनमापून सोडलेली असते, हे गिरवतानाच कळते. विंडोजमधला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशींनी घडवला. आपण तो कार्यालयीन पत्रांत इतका पाहिलेला असतो की लग्नपत्रिकेवर तो आला की बदलीचा आदेश हाती पडल्यासारखे वाटते. पण लहान मापातही पडद्यावर तो किती स्वच्छ वाचता येतो, याकडेही एकदा लक्ष द्यावे.

आता चित्रांविषयी. इंटरनेटवरचा गणपती घ्यायचा नाही, असे ठरवल्यावर काहीतरी स्वतः काढणे भागच होते, आणि मी सुरुवात आंब्याच्या पानापासून केली. इंकस्केपमधल्या पेनने काढलेल्या माझ्या पहिल्या पानाला सतरा बिंदू होते आणि ते पान किड्यांनी खाल्ल्यासारखे दिसत होते. वास्तविक आंब्याच्या पानाला दोनच बिंदू पुरतात, एक देठाशी आणि एक टोकाशी. बाकीचे सारे वळण त्या बिंदूंच्या दोन्ही बाजूंना असलेल्या दांड्या ओढून येते. बिंदू जितके कमी, तितकी रेघ गुळगुळीत, हे एका पानावर समजले की पुढे कोयरी, दिवा, कलश यांची भीती राहत नाही. अशी रेघांची आकृती कितीही मोठी केली तरी फाटत नाही, त्यामुळे पिक्सेलांचा हिशेबही तिच्यापुरता मिटतो.

पानानंतर फूल. एक पाकळी काढायची, तिच्यावर एकदा आणि जरा थांबून पुन्हा एकदा क्लिक केले की फिरवण्याचे बाण आणि मधोमध एक अधिकचिन्ह दिसते, ते अधिकचिन्ह ओढून फुलाच्या मध्याशी आणायचे, पाकळीची प्रत काढायची आणि कंट्रोल दाबून धरून फिरवायचे. असे केल्याने पाकळी १५ अंशांच्या टप्प्यांनी सरकते. तीन टप्पे म्हणजे ४५ अंश, आणि आठ पाकळ्यांत फूल पूर्ण होते. आई ठिपक्यांच्या रांगोळीत एक कोपरा काढून तोच चारही बाजूंना फिरवत असे, त्याचीच ही पद्धत. भाचीच्या पत्रिकेवरचे तोरण मी एक पान आणि एक झेंडू एवढ्याच भांडवलावर केले आणि तेवढेच चित्र पत्रिकेवर ठेवले.

रंगांच्या बाबतीत पडदा फसवतो, कारण तो प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना चार शायांनी. हळदीचा पिवळा छपाईत चांगला उतरतो, कारण पिवळी ही मुळातच एक शाई आहे. कुंकवाचा लाल मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) आणि पिवळा भरपूर घेऊन बराचसा साधतो. झळझळीत केशरी, मोरपंखी आणि पोपटी हे रंग मात्र कागदावर उतरताना हमखास मलूल होतात; वास्तुशांतीच्या कार्डाचा केशरी विटकरी झाला तो याचमुळे. मी आता आकृत्या इंकस्केपमध्ये काढतो, परंतु पानाची अंतिम मांडणी स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, कारण तिथे शायांच्या टक्केवारीत रंग देता येतो. लहान अक्षरांचा काळा रंग केवळ काळ्या शाईचा, शंभर टक्के, असाच ठेवावा. चारही शाया मिसळून केलेला काळा पडद्यावर अगदी सारखाच दिसतो. पण ऑफसेट छपाईत एखाद्या शाईची प्लेट केसभर जरी सरकली, तरी बारीक वेलांट्यांच्या कडेने लालनिळी झाक उमटते. सोनेरी रंगाचे तर सरळ सांगायचे म्हणजे, पिवळ्या-तपकिरी छटांनी तो कागदावर येतच नाही. सोनेरी हवाच असेल तर फॉइल करावे, म्हणजे चकचकीत सोनेरी पत्रा कागदावर दाबून घ्यावा, आणि त्यासाठी तेवढा भाग वेगळ्या थरात गडद काळ्या रंगाने काढून द्यावा.

छापखान्याच्या पायरीवर शिकण्यासारखे पुष्कळ असले तरी ते एका संध्याकाळी शिकून होते. कापल्यानंतर कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून रंग चारही बाजूंना तीन मिलिमीटर बाहेर काढावा, ज्याला ते लोक ब्लीड म्हणतात. आणि कोणतेही अक्षर कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवावे. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद दुमडायचा असेल तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घ्यावे, नाहीतर घडीवर रंग तडकतो. फाइल देण्यापूर्वी सगळी अक्षरे कर्व्ह करावीत (अक्षरांच्या रेघांच्या आकृत्या कराव्यात), म्हणजे त्यांच्या संगणकावर आपला फाँट नसला तरी बिघडत नाही. मात्र कर्व्ह न केलेली मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण एखाद्या काकांचे नाव शेवटच्या दिवशी येतेच. व्हॉट्सअॅपवर फाइल धाडायची तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, अन्यथा वाटेतच तिचा कस निघून जातो.

या सगळ्याच्या आधी, म्हणजे छापखान्यात जाण्यापूर्वी, माझी एक चाचणी असते. घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात एक प्रत काढायची, कडा कात्रीने कापायच्या आणि ती आत्याच्या हातात द्यायची. आत्या ७८ वर्षांची आहे, तिला ग्राफिक्स वगैरे शब्दांशी कर्तव्य नाही. ती चष्मा लावून, बोट फिरवत, पहिल्या 'प्रसन्न'पासून शेवटच्या किलबिलपर्यंत सगळे मोठ्याने वाचते. तिचे बोट जिथे अडते, तिथे मी पेन्सिलीने खूण करतो. भाचीच्या पत्रिकेची पहिली प्रत वाचताना ते चार ठिकाणी अडले. दुसरी वाचताना एकदाच, विवाहस्थळाच्या पत्त्यावर, कारण मी तो ९ पॉइंटात बसवला होता. तिसरी प्रत मात्र तिने एका दमात वाचली. ल आणि श आपापल्या मराठी वळणात होते, वऱ्हाडाचा र जागेवर होता, तोरणाचे झेंडू हळदीच्या रंगात उतरले होते, आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत थांबलो होतो.

तिने पत्रिका उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली आणि विचारले, "मुहूर्त बारा चाळीसचा. मग जेवण अक्षता पडल्यावर, की आधी?"

दाजींना फोन लावून विचारले, आणि विवाहस्थळाच्या खाली ११ पॉइंटांत आणखी एक ओळ वाढवली.